दिवाळसणाची काळी काच

मी बोलतेय. मी एक काळी काच. रुपयाच्या नाण्याएवढी, भोवती धातूची कडी, कडीला आटे. कडीवर पांढऱ्या रंगात तीन इंग्रजी अक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ सूर्य. वाचणाऱ्याला वाटतं, हिच्यातून सूर्य बघायचा असतो. तिथंच सगळा घात झाला.

झाड बोलायला लागलं की सावली दिल्याचं सांगतं. छत्री बोलली की भिजल्याचं सांगते. माझ्याजवळ सांगण्यासारखं पुण्य नाही. उभ्या जन्मात मी एकदाच नीट कामाला लागले आणि त्या एका कामात एका बाईचा चांगला डोळा गेला. ऐकायचं असेल तर ऐका, पण माझी कीव करू नका.

जन्म माझा समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यातला. छोट्या दुर्बिणींबरोबर तिथं माझ्यासारख्या काळ्या काचा फुकट द्यायचे. लाकडी पेटी, आत हिरवं मखमली कापड, त्यात दुर्बिणीची नळी झोपायला लांब खाच, भिंगांसाठी दोन खाचा आणि कोपऱ्यात एक छोटी गोल खाच. ती माझी. नागपूरच्या एका दुकानात मी त्या खाचेत बसून चार वर्षं गिऱ्हाइकाची वाट बघितली.

मग आला श्यामसुंदर सुभेदार. जबलपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारा, नुकतं लग्न झालेला, पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला आलेला. सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, अंगठी करू की घड्याळ घेऊ? हा म्हणाला, रागावणार नसाल तर मला दुर्बीण हवी. सासूबाई आतून म्हणाल्या, "मागून मागितलं काय, तर नळी." सासरे मात्र खूश झाले. त्यांनी स्वतः दुकानात येऊन पेटी उघडून बघितली, खाचा मोजल्या आणि दुकानदाराला म्हणाले, "सगळं पूर्ण आहे न? जावयाला द्यायचं आहे, अपुरं नको." पाटावर ठेवून, हळदकुंकू लावून आम्हाला जावयाच्या हातात दिलं. त्यांची लेक विनता शेजारी उभी होती. कडीवरचं एक बोट कुंकू माझ्या आट्यांत कितीतरी वर्षं होतं.

जबलपूरला चेरीतालच्या घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी श्यामसुंदरनं मला भिंगावर फिरवून बसवलं, दुर्बीण सूर्याकडे केली आणि डोळा लावला. अर्धं मिनिटही झालं नसेल. मला काढायला बोट लावलं तर बोटाला टचकन फोड आला.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. मास्तरच तो. दुर्बीण मोठ्या तोंडानं ऊन गोळा करते आणि सगळं एका टोकाला आणून ओतते. मी बसते नेमकी त्या टोकाला, डोळ्याच्या अलीकडे. म्हणजे आग घरात घ्यायची आणि मग दार लावायचं, असला माझा कारभार. शहाणी ती चंदेरी फिल्म, जी दुर्बिणीच्या तोंडावरच बसते आणि ऊन बाहेरच्या बाहेर अडवते. त्याहून शहाणा साधा पांढरा कागद. दुर्बिणीला डोळा लावायचाच नाही, मागून पडणारा सूर्य कागदावर घ्यायचा आणि दहा जणांनी मिळून बघायचा. मी तापते, तापत राहते आणि एक दिवस न सांगता तडकते.

त्यानं मला केराच्या टोपलीवर धरलं. खरं सांगते, धरलं होतं. दोन बोटं सुटली असती तर आज मी बोलत नसते. पण आतून विनताच्या बांगड्या वाजल्या आणि याच्या मनात आलं, सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेली वस्तू, टाकायची कशी? टाकवत नाही हो आपल्या माणसांना. फाटकं टाकवत नाही, मोडकं टाकवत नाही. असू दे, कुठं खायला मागते? त्यानं सुपारीच्या रिकाम्या डबीत मला घातलं आणि टेबलाच्या खणात मागे ढकललं.

चार दिवसांनी विनतानं विचारलं, "अहो, बाबांनी दिलेल्या पेटीतली ती काळी काच काहून नाही दिसत?"

"ठेवली आहे डबीत. राहू दे, ती तुझ्या कामाची नाही."

एवढंच बोलला. का नाही, ते सांगितलं नाही. पुढे छत्तीस वर्षं सांगितलं नाही.

त्या छत्तीस वर्षांत गच्चीवर रोज सकाळी काय चालायचं ते मला खणातून ऐकू यायचं. दुर्बिणीमागे फळी, फळीवर कागद, कागदावर वितीएवढा सूर्य. त्यावरचे डाग पेन्सिलीनं जसेच्या तसे उतरवायचे आणि खाली तारीख, वेळ लिहायची. श्यामसुंदरचा हात तरुणपणापासून जरा कापरा, म्हणून डाग विनता काढायची. तिचा डावा डोळा लहानपणापासून मंद, नुसता उजेड-अंधार कळायचा. सगळी भिस्त उजव्यावर. पण तो उजवा असा तीक्ष्ण की मोहरीएवढ्या डागाच्या कडेची झालरसुद्धा सुटत नसे. "आज सूर्यनारायणाला गोवर निघून राहिला," ती म्हणायची आणि तो हसायचा. एकतीस वह्या भरल्या. पुढे मोठी दुर्बीण आली आणि दिवाळसणाची छोटी कपाटावर गेली.

आणि हा मास्तर गावोगाव जाऊन सांगायचा काय? तर माझीच निंदा. सिहोरा, शहपुरा, जिथं बोलावतील तिथं. "डोळ्याजवळ लावायची काळी काच कुठं मिळाली तर आधी फोडून टाका. माझ्या घरी एक आहे, डबीत बंद करून ठेवली आहे." हजारो पोरांना सांगितलं असेल. बायकोला नाही. तिला वेगळं काय सांगायचं, ती तर घरचीच, असं त्याला वाटायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये एक बिनसणाचा कोरडा दिवस आला आणि त्या दिवशी संध्याकाळी ग्रहण आलं. सूर्य ग्रासलेलाच मावळणार होता. श्यामसुंदरला सिहोऱ्याच्या शाळेनं बोलावलं होतं. दिवाळीची सुट्टी असूनही मैदान उघडं ठेवलं होतं. त्याचा जुना विद्यार्थी सुशांत गाडी घेऊन आला. मोठी दुर्बीण गाडीत आडवी झाली, फळी गेली, कागद गेले, ग्रहणाचे चाळीस चष्मे गेले.

विनता दारात आली. "अहो, यंदा मी पण येते न."

"तू कशाला? गाडीत जागा कुठं आहे? आणि तिथं दोनशे पोरं, धूळ."

"मग एक चष्मा तरी ठेवून जा. चाळीस घेऊन चालले."

"चाळीसच आहेत. पोरांनाच पुरून नाही राहिले. तू टीव्हीवर बघ, अख्खं दाखवतात."

ती म्हणाली, "छत्तीस वर्षं मी सूर्य काढून राहिली. बघितला कधी? कागदावरचा बघितला."

"कागदावरचाच खरा असतो," तो म्हणाला आणि गाडीत बसला. चेष्टेनं म्हणाला, वाईट मनानं नाही. पण चेष्टा झाली म्हणून काय झालं, शब्द तर लागलाच.

तिनं चिवड्याच्या आणि चकल्यांच्या डब्यांत तुळशीची पानं घातली. मग स्टुलावर चढून कपाटावरची पेटी काढली. खण उघडला, हात मागे घातला आणि डबी काढली. छत्तीस वर्षांनी मला उजेड दिसला. तिनं पदरानं मला पुसलं, अक्षरं वाचली आणि म्हणाली, "बाबांनी दिली, यांनी कधी वापरलीच नाही."

मी ओरडायला हवं होतं. पण काचेला तोंड नसतं, आणि खरं सांगू, असतं तरी मी गप्पच बसले असते. ज्याच्यासाठी जन्म झाला तो सूर्य मला छत्तीस वर्षांत कुणी दाखवला नव्हता. मलाही मोह झाला.

जिन्यात खालच्या भाडेकरूची बायको मोनाली भेटली. "आंटी जी, ग्रहण लगने वाला है, छत पे मत जाइए."

"कुछ नहीं होता बेटा. साहब ज़िंदगीभर यही तो पढ़ाते रहे."

गच्चीवर तिनं एकही चूक केली नाही. कठड्यावर दुर्बीण नीट बसवली. छोट्या शोधक नळीवर झाकण लावलं. सूर्याकडे न बघता, नळीची सावली बारीक होत होत गोल झाली की दुर्बीण सूर्यावर आली, हे तिला पाठ होतं. सगळं बरोबर केलं बाईनं. चूक एकच होती, ती म्हणजे मी.

चार वाजले असतील. ग्रहणाला अवकाश होता, पण तिला दम कुठला. तिनं उजवा डोळा लावला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "केवढा गोल."

माझ्यातून सूर्य तिला हिरवट दिसत होता, शांत, पिकल्या पेरूसारखा. सकाळी कागदावर काढलेला डागांचा पुंजका तिनं शोधला. सापडला. मग ती एकटीच हसली आणि म्हणाली, "हा मी काढला होता." मला तिची पापणी लागत होती. सांगते, त्या पाऊण तासात मी सुखी होते. तेवढा एक पाऊण तास.

मग चंद्रानं कडेला पहिला घास घेतला. ती श्वास धरून बघत राहिली. मला पोळत होतं. आट्यांतलं ते जुनं कुंकू जळालं. मी धरून ठेवलं, जेवढं धरवलं तेवढं. मग टिक असा आवाज झाला आणि माझ्या मधोमध एक रेघ गेली.

डोळा मिटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ लागला. ती मागे सरली. दुखलं नाही तिला. डोळ्याच्या आतली ही जागा जळते तेव्हा दुखत नाही, म्हणून तर माणूस फसतो. डोळ्यासमोर हिरवा ठिपका नाचतोय, जाईल थोड्या वेळानं, असं म्हणून तिनं मला काढलं, डबीत घातलं, डबी खणात सरकवली, पेटी कपाटावर ठेवली. श्यामसुंदर सात वाजता परतला, पोरं कशी नाचली ते सांगत जेवला. ती डोळा चोळत वाढत होती.

दुसऱ्या दिवशी पाडवा. औक्षणासाठी तो पाटावर बसला. तिनं निरांजन ओवाळलं, कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि बोट हवेतच राहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमचं तोंड दिसून नाही राहिलं."

तो हसला. "छत्तीस वर्षांनी कंटाळा आला काय?"

"नाही हो. कान दिसतात. पाट दिसतो. मधे जिथं बघते तिथंच काही नाही."

तिनं ताम्हन चाचपत पाटाशी ठेवलं. तो उठला, खणाकडे गेला, डबी उघडली. मला उजेडाकडे धरलं. रेघ बघितली. मग मला पुन्हा डबीत घातलं आणि तिला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आतला पडदा तपासला. म्हणाले, मधोमध जळालं आहे, याला औषध नाही, थोडं सुधारलं तर सुधारेल. सुधारलं नाही. तिला घरात वावरता येतं. कडेकडेचं दिसतं. पण सुई ओवता येत नाही, अक्षर वाचता येत नाही, समोरच्याचं तोंड दिसत नाही. कागदावरचा सूर्य तर गेलाच. बत्तिसाव्या वहीत नऊ पानं आहेत, पुढची कोरी.

मुलगा अनिमेष नागपूरहून फोनवर चिडून विचारत होता, बाबा घरात असताना असं झालंच कसं. विनतानं फोन घेतला. "तुझ्या बाबांचं काही नाही रे. ते सिहोऱ्याला होते. मीच वेड्यासारखी उघड्या डोळ्यांनी बघत बसली." शेजारी श्यामसुंदर उभा होता. त्यानं ऐकलं. हात पुढे करून फोन मागायला हवा होता त्यानं. मागितला नाही. बायकोनं आपल्यावर पांघरूण घातलं आणि हा त्यात गुरफटून घेऊन बसला.

पुढे रोज दुपारी ती झोपली की तो डबी उघडायचा. मला समोर ठेवून सांगत बसायचा. सिहोऱ्यात त्या संध्याकाळी पावणेपाच वाजता मी पोरांना तुझंच सांगत होतो गं, म्हणायचा. कोणती काच फोडून टाकायची ते सांगत होतो.

एक दिवस त्यानं विनताला सांगितलं, "ती काच नर्मदेत सोडून येतो." ती म्हणाली, "सोडा. घरात नको." तो मला खिशात घालून ग्वारीघाटावर गेला. पाण्यात उतरला, मूठ उघडली. समोर बायका अनवाणी स्नान करत होत्या. यानं मूठ मिटली. कुणाच्या पायात गेली तर? जन्मभर परक्या माणसाला जपण्याची सवय, ती तिथंही आडवी आली. दगडावर ठेचून कचऱ्यात टाकायचं तरी सुचावं, तर तेही नाही. घरी आला, मला डबीत घातलं, डबी खणात. विनतानं विचारलं, "सोडली?"

"सोडली," तो म्हणाला.

अशी तीन वर्षं गेली. आता या उन्हाळ्यात अनिमेष दोघांना नागपूरला न्यायला आला. तिला एकटीला सोडून श्यामसुंदरला बाजारातही जाता येत नव्हतं, तेव्हा जाणं भाग होतं. सामान बांधलं जात होतं. शहपुऱ्याच्या एका शाळेतले शालिग्राम सर छोटी दुर्बीण न्यायला येणार होते. श्यामसुंदरनं त्यांना फोनवर तासभर समजावलं होतं, सूर्य फक्त पांढऱ्या कागदावर दाखवायचा, डोळा लावू द्यायचा नाही. पण माझं नाव काढलं नाही. मी तर डबीत होते. माझा संबंध काय?

सर आले तेव्हा श्यामसुंदर पोस्टात नवा पत्ता द्यायला गेला होता. अनिमेष टेबलाचे खण रिकामे करत होता. सुपारीची डबी हलवली, खुळखुळली, उघडली. मला बघितलं, अक्षरं वाचली. मग पेटीतली कोपऱ्यातली रिकामी गोल खाच बघितली.

"अरे, ही तर इथली," तो म्हणाला. शर्टाच्या टोकानं त्यानं मला पुसलं. माझी रेघ केसाएवढी, काळ्यात काळी. उन्हात धरलं तरच दिसते. त्यानं मला खाचेत दाबून बसवलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी मी माझ्या जागेवर गेले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शालिग्राम सरांनी वाकून विचारलं, "भैया, ये काला वाला किसलिए?"

"सूरज देखने के लिए. लिखा है न इस पर."

"अच्छा. सर ने तो काग़ज़ वाला तरीका बताया था."

"वो पुराने ज़माने का है, सर. जब बना-बनाया शीशा है तो काग़ज़ क्यों?"

पोराला कसं कळावं? त्याला घरात सांगितलेलं, आई उघड्या डोळ्यांनी बघत होती. उघड्या डोळ्यांपेक्षा काळी काच केव्हाही बरी, हा त्याचा हिशेब. आईनं बापाला वाचवायला सांगितलेलं खोटं आणि बापानं आईला शांत करायला सांगितलेलं खोटं, दोन्ही मिळून माझ्या खाचेत नीट बसली.

विनता भिंतीला हात लावत बाहेर आली. तिनं पेटीवरून हात फिरवला. झाकण अजून उघडं होतं. तिची बोटं नळीवरून गेली, भिंगांवरून गेली. कोपऱ्याशी यायच्या आधी थांबली.

"अनिमेष, सगळं पूर्ण आहे न रे? माझ्या बाबांनी दिलेलं आहे. अपुरं नको जायला."

"हो आई. एक जागा रिकामी होती, तीपण भरली. आता पूर्ण आहे."

तिला वाटलं असेल, एखादं भिंग सापडलं. तिच्या हिशेबी मी तर कधीचीच नर्मदेच्या तळाशी होते. ती हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "पोरांना दाखवा, सर. मी काही नीट बघितला नाही, पोरांना तरी दिसू दे." आणि तिनं स्वतःच्या हातानं झाकण लावलं.

पोस्टातून श्यामसुंदर आला तेव्हा सरांची गाडी गल्लीच्या टोकाला वळत होती. त्यानं हात हलवला.

आता मी शहपुऱ्यात आहे, शाळेच्या काचेच्या कपाटात, हिरव्या मखमलीवर. पोरं कपाटाला नाक लावून माझी अक्षरं वाचतात. शालिग्राम सर भला माणूस आहे. त्यानं फळ्याच्या कोपऱ्यात पुढच्या ग्रहणाची तारीख लिहून ठेवली आहे आणि शेजारी एकशे बारा नावांची यादी चिकटवली आहे, कोण कितव्या नंबरला डोळा लावणार त्याची. पहिलं नाव कादंबरी. सहावीतली आहे, चष्मा नाही, शेवटच्या बाकावरून फळा वाचते.

तुमच्यापैकी कुणी शहपुऱ्याला जाणार असेल, कुणाची ओळख असेल, तर त्यांना सांगा, ती काळी काच काढा, फडक्यात गुंडाळा आणि दगडानं ठेचा. कुणाची आठवण म्हणून ठेवू नका. श्यामसुंदरला सांगू नका, तो पुन्हा जपून ठेवेल.

आणि कुणीच गेलं नाही तर? ग्रहण आषाढी अमावास्येला आहे. दिव्यांच्या अवसेला आभाळ बहुतेक भरलेलं असतं. मी सूर्यासाठी जन्मले. त्याच्यासाठी झुरले, आणि आता या कपाटात बसून रोज ढगांची वाट बघते.